ऑडिट शाखेत राज्यकर निरीक्षक म्हणून रुजू होतेय. काम नक्की कसं असतं?

कळवा_पारसिक

नमस्कार मंडळी. एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेतून राज्यकर निरीक्षक म्हणून माझी निवड झाली, प्रशिक्षणही झालं आणि गेल्या बुधवारी नेमणुकीचा आदेश हातात पडला. शाखा लेखापरीक्षण. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय.

मी बीकॉम. परीक्षेची तयारी करताना अडीच वर्षं नौपाड्यात एका अकाउंटंटकडे नोकरी केली. दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत लोकांची ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची धावपळ, पोर्टल अडकलं की रात्री अकरापर्यंत ऑफिसात. म्हणजे रिटर्न भरायचं कसं हे मला माहीत आहे, पण भरलेलं रिटर्न तपासायचं कसं याची काहीच कल्पना नाही. कायदा वाचलाय, कलमं पाठ आहेत. पण सकाळी साडेदहाला टेबलाशी बसल्यावर फाईल उघडून आधी काय बघायचं, हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

दुसरं म्हणजे घरचं. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात २६ वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर होते. कारखाना बंद पडला, तेव्हा मी दहावीत होते. निकाल लागला तेव्हा त्यांनी पेढे वाटले, पण ऑडिट शाखा म्हटल्यावर जेवता जेवता एवढंच म्हणाले, "ज्यांच्या जिवावर आपली चूल पेटली, त्यांच्याच मागे आता तू लागणार." मला उत्तर देता आलं नाही. ते मनातून जात नाहीये.

या कामात असलेल्या किंवा समोरच्या बाजूला बसणाऱ्या कुणी अनुभव सांगितला तर खूप मदत होईल.

कोपरखैरणे_१५

अभिनंदन! मीही राज्यकर निरीक्षक, पण नोंदणीच्या बाजूला, त्यामुळे ऑडिटचं फार सांगू शकणार नाही. पगाराचं कुणी ना कुणी विचारेलच म्हणून सांगतो: वेतनस्तर एस-१४, ३८,६०० ते १,२२,८००, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. पुढे राज्यकर अधिकारी, मग सहायक आयुक्त, उपायुक्त अशी चढण. आतापासून एक्सेल पक्कं कर, व्हीलुकअप आणि पिव्होट डोळे मिटून यायला हवं. बाकी ऑडिटवाले सांगतीलच.

ऐरोली_दिघा

बाळा, आधी मनापासून अभिनंदन. मी २००८ ला या खात्यात विक्रीकर निरीक्षक म्हणून लागले, आता राज्यकर अधिकारी आहे. मधली काही वर्षं सोडली तर सगळी नोकरी व्यवसाय लेखापरीक्षणात आणि नंतर जीएसटी ऑडिटमध्ये गेली. रोज ऐरोलीहून ठाण्याची लोकल. तुझी पोस्ट गाडीतच वाचली आणि घरी येऊन लिहायला बसले. जीएसटी कायद्याच्या कलम १५८ खाली करदात्याची माहिती आपल्याला बाहेर बोलता येत नाही, म्हणून खालच्या प्रसंगांत धंदा, जागा, आकडे असे बदललेत की कुणाला कोण ते कळू नये. हीच सवय तूही पहिल्या दिवसापासून लाव. लोकलमध्ये मैत्रिणीशीसुद्धा पार्टीचं नाव काढायचं नाही.

आता काम. बाहेरच्यांना वाटतं आपण रोज कुठल्या तरी कारखान्यात जाऊन कपाटं उघडतो. खरं तर चारातले तीन दिवस टेबलाशीच जातात. कलम ६५ खाली ऑडिटला घेतलेल्या करदात्याला एडीटी-०१ या नोटिशीत किमान १५ कामाचे दिवस आधी कळवायचं. ऑडिट सुरू झाल्यापासून ३ महिन्यांत पुरं करायचं. आयुक्तांनी कारण नोंदवून वाढवलं तर आणखी ६ महिन्यांपर्यंत. आणि 'सुरू झालं' कधी? मागितलेले कागद मिळाले तो दिवस किंवा प्रत्यक्ष त्यांच्या जागेवर ऑडिट सुरू झालं तो दिवस, यातला जो नंतरचा तो. ही तारीख फाईलवर नीट लिहून ठेव. नवीन मुलं इथेच घसरतात, नोटिशीच्या तारखेपासून महिने मोजतात आणि शेवटच्या आठवड्यात जिवाची घालमेल करून घेतात.

कागद यायच्या आधी आपल्याकडे काय काय असतं? वर्षभराचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), ३बी, २ए किंवा २बी (पुरवठादारांनी भरलेल्यावरून दिसणारी खरेदी), वार्षिक विवरण ९ आणि उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ९सी (त्याची हिशेबाशी जुळणी). ई-वे बिलांचा डेटा असतो. मी त्यावर लगेच सूत्रं लावत नाही. आधी ताळेबंद वाचते, तोही नोट्सपासून. 'इतर उत्पन्न' उघडून बघायचं, 'वाहतूक खर्च' बघायचा, 'सुरक्षा सेवा', 'वकील फी' बघायची. मालवाहतुकीवर किंवा वकिलाच्या फीवर रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे कर सेवा घेणाऱ्यानेच भरायचा असतो, हे पुष्कळ छोट्या कंपन्यांच्या ध्यानातच नसतं. गाडीचा विमा, कामगारांच्या जेवणाचं कंत्राट, यांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, कलम १७(५) ला अडतं का ते बघायचं. हे सगळं लेजरमध्ये उघड पडलेलं असतं, शोधायला फार हुशारी लागत नाही. चिकाटी लागते.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. एक प्रसंग सांगते.

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात पत्र्याची पॅनेल बनवणारा एक कारखाना. वर्षाची पत्र्याची खरेदी २१२ टन. रिटर्न स्वच्छ, १ आणि ३बी जुळतात, २ए शी किरकोळ फरक, त्याचंही उत्तर तयार. माझ्याबरोबरचा निरीक्षक म्हणाला, मॅडम, इथे काही नाही. मीही तेच म्हणणार होते. मग सगळी विक्री बिलं एचएसएनप्रमाणे, म्हणजे मालाच्या कोडप्रमाणे लावली आणि एक गोष्ट लक्षात आली. पत्रा कापणाऱ्या कारखान्यात वर्षभरात भंगाराचं एकही बिल नाही.

मालकांना विचारून आम्ही आत चक्कर मारली. प्रेसच्या मागे कापलेल्या पट्ट्यांचा ढीग होता, गुडघ्याएवढा. ढिगाखालची फरशी घासून चकचकीत झालेली, म्हणजे तिथून वरचेवर काहीतरी ओढलं जातं. मी तिथल्या स्टोअरवाल्याला नुसतं विचारलं, "हे उचलायला कोण येतं?" तो सहज म्हणाला, "गुरुवारचा टेम्पो." त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. गेटवरच्या केबिनमध्ये जावक रजिस्टर होतं आणि त्याच्याशेजारी खिळ्याला टोचलेल्या वजनकाट्याच्या पावत्या. गुलाबी, कडेला तेलाचे डाग, काहींवरची शाई उडालेली. त्या सगळ्या उतरवून टेबलावर तारखेप्रमाणे लावायला आम्हाला दुपार पुरली नाही. बेरीज १९,२०० किलो. २१२ टनांच्या नऊ टक्के, म्हणजे पत्र्याच्या कामात शोभेल असाच आकडा. ३२ रुपयांनी ६,१४,४०० रुपयांचा माल, १८ टक्क्यांनी १,१०,५९२ रुपये कर.

मालक साठीचे होते. पावत्या बघून गप्प बसले. ते पैसे मॅनेजर रोखीत घेऊन कामगारांच्या उचलीला, देवळाच्या वर्गणीला असे वापरत होता, हे त्यांना माहीत होतं. भंगारावर कर असतो हे डोक्यातच आलं नव्हतं, असं ते म्हणाले. मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं नोंदवलं. त्यांनी कर आणि व्याज डीआरसी-०३ ने, म्हणजे स्वतःहून भरायच्या फॉर्मने भरलं, पुढच्या महिन्यापासून भंगाराची बिलं फाडायला लागले.

तुझ्या बाबांना हे सांग. त्याच रस्त्यावर या कारखान्यासारखंच काम करणारा दुसरा गाळा आहे. तो भंगाराचं बिल फाडतो, कर भरतो आणि कोटेशन देताना त्याचा भाव तेवढा वर जातो. ऑर्डर कुणाला मिळते? मी फाईल उघडते तेव्हा मला तो दुसरा गाळेवाला दिसतो. तो आपल्या ऑफिसात कधीच येत नाही, कारण त्याची तक्रार काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

आता दुसरा प्रसंग. हा मी सहसा कुणाला सांगत नाही.

जीएसटीच्या आधीचे, व्हॅटचे दिवस होते, माझी नोकरी तीन-चार वर्षांची. तेव्हा फॉर्म ७०४ या ऑडिट अहवालासोबत जे-१ आणि जे-२ जोडावं लागायचं, गिऱ्हाईकवार विक्री आणि पुरवठादारवार खरेदी. दोन्ही बाजू संगणकात जुळल्या नाहीत की मिसमॅच. तुर्भ्यातले पॅकिंग मटेरियलचे एक छोटे व्यापारी होते, त्यांच्या २,१८,००० रुपयांच्या सेट-ऑफला (खरेदीवरच्या कराच्या वजावटीला) मिसमॅच दाखवत होता. ते तीनदा आले. तिन्ही वेळा मी स्क्रीनकडे बोट दाखवून म्हटलं, काका, सिस्टिमला दिसत नाही, तुमच्या पुरवठादाराला सांगा. तिसऱ्यांदा आले तेव्हा पाऊस होता. बिलांची पिशवी त्यांनी शर्टाच्या आत धरली होती, शर्ट भिजला होता, पिशवी कोरडी होती. बाकावर बसून राहिले. साडेचारला मला काय वाटलं कोण जाणे, मी त्या पिशवीतलं पहिलं बिल काढून त्यावरचा पुरवठादाराचा टिन (व्हॅट नोंदणी) नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी आकडा-आकडा लावून पाहिला. जे-२ मध्ये त्यांच्या अकाउंटंटने ९ च्या जागी ६ टाकला होता. एक आकडा. आणि त्याच बिलाची प्रत पहिल्या दिवसापासून माझ्या फाईलला लावलेली होती. मी ती उघडलीच नव्हती.

ते चिडले नाहीत. "झालं ना ताई?" एवढंच म्हणाले आणि पिशवी परत शर्टात घालून गेले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून सांगते, फरक दिसला की कागदावर पहिला शब्द 'का' हा लिही. नियम १०१(४) तेच सांगतो. जी विसंगती आढळली ती करदात्याला कळवता येते, त्याचं उत्तर घ्यायचं आणि ते विचारात घेऊनच निष्कर्ष पक्का करायचा. एडीटी-०२, म्हणजे ऑडिटचा अंतिम अहवाल, त्यानंतर. उत्तर आलं तर ते खरोखर वाच. 'करदात्याचा खुलासा समाधानकारक नाही' हे वाक्य मी किती फाईलींत पाहिलंय, पण का नाही याची पुढे एक ओळही नसते. असा पॅरा, म्हणजे ऑडिटचा आक्षेप, अपिलात टिकत नाही, आणि टिकू नयेच.

२०१७-१८ आणि २०१८-१९ च्या फाईली आमच्याकडे आल्या तेव्हा ३बी आणि २ए मध्ये फरक नाही अशी फाईल विरळाच. सगळेच शिकत होते. कुणी पुरवठादाराने बिल बी-टू-सी मध्ये, म्हणजे नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या विक्रीत टाकलेलं, कुणी दुसऱ्याच्याच जीएसटीआयएनवर (जीएसटी क्रमांकावर). त्यासाठी २७ डिसेंबर २०२२ चं परिपत्रक १८३ आलं. एका पुरवठादाराचा फरक वर्षाला ५ लाखांच्या वर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला, त्याच्या आत असेल तर खुद्द पुरवठादाराचा. कित्येक लहान माणसं त्या परिपत्रकामुळे तरली. पण त्यांना ते माहीतच नव्हतं, आम्हालाच सांगावं लागलं. करदात्याच्या बाजूचा नियम त्याला सांगणं हेसुद्धा आपलंच काम आहे असं मी मानते. व्याजाचंही तसंच. चुकीचं क्रेडिट घेतलं पण वापरलं नाही, लेजरला पडूनच राहिलं, तर व्याज लागत नाही. हा बदल १ जुलै २०१७ पासून मागल्या तारखेने लागू आहे. हिशेब करताना क्रेडिट लेजरची महिन्यावार शिल्लक बघितल्याशिवाय व्याजाचा आकडा टाकू नकोस.

एवढंच. पहिल्या महिन्यात जुन्या एडीटी-०२ मागून घेऊन वाच. आणि जमलं तर अपिलात रद्द झालेले आदेशही मागून वाच, ते जास्त शिकवतात.

रबाळे_अकाउंट्स

मी समोरच्या बाजूचा. रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत २२ वर्षं हिशेब बघतोय. ताईंचं वाचून बरं वाटलं, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडे दोनदा ऑडिट झालं. पहिल्या वेळी एडीटी-०१ आली ती पोर्टलवर आणि नोंदवलेल्या ईमेलवर. तो ईमेल आमच्या जुन्या सल्लागाराचा, ज्यांनी वर्षापूर्वीच आमचं काम सोडलेलं. आम्हाला पत्ताच नाही. कळलं तेव्हा दोन दिवस उरले होते. चूक आमचीच, ईमेल बदलायला हवा होता, हे मी मान्य करतो. पण बेटी, नोटीस टाकल्यावर एक फोन कर. 'नोटीस पोर्टलवर आहे, बघा' एवढं म्हटलंस तरी समोरच्याचे आठ दिवस वाचतात.

दुसरं, कागदांची यादी एकदाच दे. त्या पहिल्या वेळी सोमवारी बँक स्टेटमेंट मागितलं, बुधवारी खरेदी रजिस्टर, मग शुक्रवारी तेच बँक स्टेटमेंट दुसऱ्या फॉरमॅटमध्ये. माझ्याकडे मदतीला एक मुलगा, तोही महिन्याच्या १ ते ११ जीएसटीआर-१ मध्ये गुंतलेला. माळ्यावरून फाईली काढून काढून त्याची पाठ धरली.

दुसऱ्या वेळी एक तरुण निरीक्षक आले होते. दोन पानांची यादी, प्रत्येक ओळीपुढे तो कागद कशाला हवाय तेही लिहिलेलं. आल्यावर पाणी घेतलं आणि म्हणाले, आधी मला तुमचा माल कसा बनतो ते सांगा. मी त्यांना प्लांटमध्ये नेलं. अर्धा तास फिरले, सॉल्व्हंट परत कसं मिळवतो ते विचारलं. त्यांनी तीन मुद्दे काढले, तिन्ही बरोबर होते, आम्ही भरले. १४ हजारांचा एक मुद्दा तर मी स्वतः कधी पाहिलाच नव्हता, जॉबवर्कला पाठवलेले ड्रम परत न आल्याचा. पैसे गेल्याचं वाईट वाटलं, पण त्या माणसाबद्दल आदर वाटला. अजून वाटतो.

कळवा_पारसिक

ताई, काका, दोघांचे किती आभार मानू कळत नाही. ताई, तुमचा भंगाराचा प्रसंग मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काय म्हणाले ते शेवटी सांगते.

आधी एक अडचण. नौपाड्यात मी ज्यांच्याकडे काम करत होते त्यांची निम्मी गिऱ्हाईकं माझ्याच कार्यक्षेत्रात येतात असं दिसतंय. काहींची ३बी मी स्वतः भरलीय. त्यातली एखादी फाईल माझ्याकडे आली तर? आणि जुन्या सरांनी परवा फोन करून अभिनंदन केलं, वर म्हणाले, आता आपलं माणूस आत आहे. प्रेमानेच म्हणाले, पण मला धस्स झालं.

ऐरोली_दिघा

धस्स झालं हे चांगलं लक्षण आहे.

रुजू होशील त्याच आठवड्यात साध्या कागदावर अर्ज लिही: मी अमुक काळात अमुक ठिकाणी नोकरीला होते, तिथल्या ग्राहकांची प्रकरणं मला देऊ नयेत. आपल्या वरिष्ठांना दे आणि पोच घे. तोंडी सांगून चालणार नाही, उद्या वरिष्ठ बदलतील. फाईल वाटपातून चुकून आलीच तर न उघडता परत कर. लॉगिनमध्ये सहज डोकवायचंही नाही. कोण कधी काय उघडतं याची नोंद राहते, आणि नोंद राहिली नसती तरी डोकवायचं नाही.

जुन्या सरांना एकदा प्रत्यक्ष भेट, फोनवर नको. पाया पड, त्यांनी शिकवलं म्हणून आभार मान आणि तिथेच सांग की मी अर्ज दिलाय, तुमचं कुठलंच काम माझ्याकडे येणार नाही. भला माणूस असेल तर त्याला उलट हलकं वाटेल. दिवाळीला घरी सुक्या मेव्याचा डबा येईल, तो दारातूनच परत पाठव, आईला आधी सांगून ठेव, कारण दार तीच उघडणार. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत, छोटं पुस्तक आहे, एकदा पूर्ण वाच.

आणखी एक राहिलं. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कराच्या मागणीसाठी कलम ७४अ लागतं, आधीच्या वर्षांना ७३ आणि ७४. सध्या टेबलावर दोन्ही प्रकारच्या फाईली असणार. वर्ष बघून कलम लिही. बाबा काय म्हणाले?

कळवा_पारसिक

अर्ज आजच लिहिला ताई. सरांना शनिवारी भेटते.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून माझी वही घेतली आणि एक गोल काढला. म्हणाले, "२५ एमएमचा बार आहे. मला २२ वर आणायचाय. सांग, किती माल कीस होऊन खाली पडेल?" मी लगेच ३ भागिले २५ केलं आणि १२ टक्के म्हटलं. ते मान हलवत म्हणाले, "बार गोल आहे ना? वर्ग कर." मग ४८४ भागिले ६२५ एवढा माल उरतो, बाकीचा कीस. म्हणजे साडेबावीस टक्क्यांच्या जरा वर.

मी म्हटलं, बाबा, म्हणजे टर्निंगच्या कारखान्यात नऊ टक्के भंगार दाखवलं असेल तर विचारायचं? त्यावर ते म्हणाले, "विचारायचं. पण आधी त्यांचं ड्रॉइंग बघायचं, जॉब काय आहे ते बघायचं. नाहीतर २५ चा बार २४ वरच आणत असतील आणि तू उगाच त्यांना धरशील." मग त्यांनी पत्र्याचं, कास्टिंगचं, फोर्जिंगचं कुठे किती जातं ते सांगितलं. रात्री साडेबारापर्यंत आम्ही वहीची नऊ पानं भरली. आई दोनदा दिवा बंद करायला सांगून गेली.

सकाळी चहा घेताना म्हणाले, "त्या साडेबावीसमध्ये तू तुकडे कापताना ब्लेडखाली जातं ते धरलं नाहीस. आणि लेथच्या चकमध्ये शेवटी जो तुकडा उरतो तोही नाही. ते लिहून घे."